मेधाचा उखाणा

घटस्फोट ठरलेल्या बाईने उखाणा घेतलेला तुम्ही कधी ऐकलाय का? मी ऐकलाय, आमच्या आनंद नगरमध्ये. माझी धाकटी बहीण मेधा आणि तिचा नवरा सुधीर दिवाळीपासून एकाच घरात वेगळे राहत होते. खोल्या दोन, फ्रिज एक, त्यात दुधाच्या पिशव्या दोन. "कॉलनीत कुणाला कळता कामा नये, ताई," असं तिने मला बजावलं होतं. म्हणून तर संक्रांतीचं हळदीकुंकूही नेहमीसारखं केलं.

वाण वाटून झालं आणि शेजारच्या काकू अडून बसल्या, "मेधा, नाव घेतल्याशिवाय आम्ही नाही उठत!"

मेधाने माझ्याकडे पाहिलं. मी तिळगुळाकडे पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "ताटात पोहे, पोह्यांवर शेव, सुधीररावांचं नाव घेते..." आणि अडकली.

आतल्या खोलीतून सुधीर ओरडला, "उद्या कोर्टात तारीख आहे, ध्यानात ठेव!"

मी घाईने आतलं दार लावायला उठले. पण बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "असा गमत्या नवरा मिळायला भाग्य लागतं गं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे एकाच स्कूटरवरून कोर्टात गेले आणि घटस्फोटाच्या अर्जावर सह्या करून आले.