मेंढरांनी आखलेली हद्द

जनगणनेच्या हद्दींच्या नकाशावर अमेरिकेतल्या नवाहो जमातीतर्फे ‘हरकत नाही’ लिहून तो पाठवायला हार्लन टपालकचेरीच्या रांगेत उभा होता. पुढे दोघी नवाहो बायका बोलत होत्या.

“डेल्फीनमावशी, नव्या नकाशात तुझं घर कुठं गेलं?”

“मी इकडं, दवाखाना तिकडं. मधे रेघ.”

“म्हणजे आपली डोकी दवाखान्याच्या हिशेबात नाहीत? मग जादा डॉक्टर कसला मिळतोय!”

“जमिनीवर ठळक दिसेल तिथूनच हद्द न्यायची म्हणे. विमानातून जनगणनावाल्यांना एक वाट दिसली.”

“आपल्याकडं कुठली आलीय वाट?”

“माझी मेंढरं पाण्याला जातात ती!”

“अगं बाई! कचेरीत सांगायचंस ना!”

“दोनदा सांगितलं. तिथं माणसाचं ऐकत नाहीत, मेंढरांचं ऐकतात. उद्यापासून कळप दवाखान्याच्या पलीकडून नेते.”