टेकूवर उभी चौकट

हॅलो?... हां, बोल कुसे... अगं मी लहानूच बोलतोय, तुझा भाऊ. माझा फोन दुसरं कोण उचलणार?... हो, नाव वाचूनच उचलला. 'कुसाबाई देवळा'. नातीनं शिकवलं म्हातारपणी, मग वाचायला नको?

थांब, जरा अंगणात येतो. आत लय खडखड हाय... नाय, माझा समाधान नाय. तो बाहेर गेलाय. ही खडखड तुझ्या अमितची. भिंतीला छिन्नी मारतोय. मामाचं घर म्हणून नुसता सुटलाय... जेवतो, जेवतो. हर्षाली वाढून थकते, तो खाऊन थकत नाय.

काय?... चौकट?

नाय बसली.

नाय म्हणजे नाय. मिस्त्री सकाळीच आला. जोतं वर घेतलं, भिंत झाली, सगळं झालं. चौकट टेकू लावून उभी केलीय आणि मिस्त्री बसलाय चहा पीत. तिसरा चहा.

कुणासाठी थांबलोय म्हणजे? तुझ्यासाठी!... ऐक ना... अगं ऐक तर. आपल्या घरात चौकट कोण पुजतं? घरची लेक. उंबऱ्याखाली पुरचुंडी कोण ठेवतं? घरची लेक. आणि बापूंना लेक किती? एक. मग?

हर्षालीला सांगून बघितलं. ती म्हणाली, "मामंजी, मी सून. आत्याबाई असताना मी हात लावणार नाय." सरळ उठून वाळू चाळायला गेली.

...हं.

...हं.

मला वाटलंच तू हे बोलणार. अमितनं सांगितलं मला. आईनं पिशवी भरली आणि परत रिकामी केली, म्हणाला... त्याला कशाला रागावतेस? तो काय खोटं बोलला?

दाजी जाऊन वर्ष होत आलं, कुसे. मला कळतं... हो, कळतं. पण सवाष्णच पाहिजे हे कुणी सांगितलं?... तिकडच्या बायका काय म्हणतात ते मला सांगू नको. मी काय विचारतो त्याचं उत्तर दे. माझी सरू जाऊन किती वर्षं झाली? त्यानंतर समाधानच्या लग्नात देवकाला मी बसलो ना? कांद्याच्या चाळीची पूजा मी केली ना? मला कुणी म्हटलं का, लहानू, तू बाजूला हो?... बाप्या माणसाचं वेगळं? काय वेगळं? माझं माणूस गेलं ते माणूस नव्हतं का?

...बरं. बरं, राहू दे. नाय बोलत.

दुसरंच सांगतो. गेल्या आठवड्यात जुना उंबरा काढला... हो, तोच. रस्ता दर वेळी उंच करतात, आपलं घर खड्ड्यात गेलं, पाणी उंबऱ्यावरून आत यायचं. म्हणून तर हा सगळा खटाटोप. पण चौकट तीच ठेवलीय. बापूंनी पेठच्या बाजूनं बैलगाडीत आणलेली, ती कशी टाकू? रंगाचे थर खरवडले तर आत लाकूड असं निघालं... मधासारखं. अमित नुसता हात फिरवत होता.

आणि उंची पण तीच. मिस्त्री म्हणाला, बाबा, चौकटीची वरची पट्टी वीतभर वर घेऊ, सगळ्यांना वाकावं लागतं. मी म्हटलं, अजिबात नाय... का म्हणजे? दाजी पहिल्यांदा आले तेव्हा काय झालं, आठवतं ना?... हो! फेट्यासकट डोकं आपटलं! केवढा आवाज झाला होता! आणि तू चुलीमागं तोंडात पदर कोंबून... हा हा... आईनं तुला चिमटा काढला होता. त्या दिवसापासून ते कधीपण आले की पट्टीला आधी हात लावायचे, मग वाकायचे. शेवटी आले तेव्हासुद्धा. काठी होती हातात, तरी दुसरा हात वर. लाकूड तिथं गुळगुळीत झालंय, कुसे. बोट फिरवलं की कळतं... ती जागा वर नाय जाऊ देणार मी.

...हॅलो?... हाय ना?

रडतेस?... रड. मी थांबतो.

...

झालं?... तोंड पूस. आता खरी गोष्ट ऐक. उंबरा उचलला ना, तर खाली मी स्वतः हात घातला. आईनं बांधलेली पुरचुंडी असणार म्हणून. तांब्याचा पैसा, हळकुंड, सुपारी. तुझ्या हातानं ठेवलेली. तू केवढीशी होतीस! मी बापूंच्या बाजूला उभा होतो, मला सगळं दिसतंय अजून. लाल परकर, हातात लाल पुरचुंडी, चेहरा असा, जसं काय देव उचललाय.

तर मी माती चाचपली. कापड तर कुजून गेलेलं. पैसा नाय. सुपारी नाय. सापडलं काय?... ओळख.

नाय... नाय... विंचू नाय गं!

सागरगोटे. पाच सागरगोटे.

हॅलो?... कुसे?... ए, तू हसतेस का?

हे बघ, ते माझ्या खिशात हायत. फोनजवळ वाजवतो... आलं ऐकू? एकाला पण कीड नाय. आता खरं सांग. कुठून आले?

काय?... पैसा रेवडीवाल्याला दिलास?... कधी, मुहूर्ताच्या आधी?... आई तुळशीपाशी गेली आणि तू गाठ सोडलीस?... आणि पुरचुंडी हलकी लागली म्हणून सागरगोटे भरलेस! अगं बाई... आणि सुपारी?... बापूंच्या चंचीत? म्हणजे बापूंनी ती कातरून खाल्ली?... हळकुंड परत आईच्या डब्यात. वा! एवढी इमानदारी केलीस, वा!

आणि मला एक रेवडी नाय दिलीस!

अमित! ए अमित, छिन्नी थांबव! तुझ्या आईचे पराक्रम ऐक... सांगतो, नंतर सांगतो.

कुसे, आई जन्मभर त्या उंबऱ्याला रोज हळदकुंकू वाहायची. सागरगोट्यांना! हा हा हा... थांब, माझंच पोट दुखायला लागलं...

हं. आता हसू बाजूला ठेव आणि मला सांग. खाली पैसा नाय, सुपारी नाय, शकुनाचं काहीच नाय. वरून काय काय गेलं? तू नवरी होऊन गेलीस. सरू माप ओलांडून आली. समाधान इथंच जन्मला, अमितला घेऊन तू इथूनच बाळंतीण होऊन निघालीस. द्राक्षं गारांनी झोपली त्या साली पण आपल्या चुलीवर भाकरी होती... आई-बापू? ते पिकून गेले, आपापल्या अंथरुणावर. मग घराचं काय वाईट झालं? घर उभं राहिलं ते त्या पुरचुंडीवर नाय. तू पाय आपटत आत-बाहेर पळायचीस, त्यावर.

...काय म्हणालीस?... दाजी तुझ्या हातानं नाय गेले, बाई. आजारानं गेले. तू तर त्यांचं सगळं केलंस... तोच हात पाहिजे मला.

लोक?... लोक इथं विटा वाहायला आले नाय. ज्यांनी विटा वाहिल्या, ते सगळे तुझी वाट बघतायत.

मुहूर्त? तू पोचशील तो.

बसनं नको... अमित कशाला, तो मातीनं भरलाय. समाधान निघालाय ना... हो, तो बाहेर गेलाय म्हटलं ते तिकडंच. ओझरला कारखान्यात रजा टाकली आणि भल्या सकाळी गाडी काढली... तुला न विचारता, हो. विचारलं असतं तर तू नाय म्हणाली असतीस.

हॉर्न?... वाजू दे. खिडकीतून बघ... पांढरी गाडी?... हा हा! त्याला सांगून ठेवलंय, आत्या आली नाय तर तिच्या ओट्यावर बसून राहा.

हो... हो... चहा दे त्याला आधी. आणि पिशवी भर परत... कसला आवाज येतोय? पेटी ओढतेस?... कोणतं लुगडं?... ते हिरवंच नेस. दाजींनी घेतलेलं ना? मग तेच.

नाय, पुरचुंडी मी बांधलेली नाय. हर्षालीनं ताटात पैसा, हळकुंड, सुपारी काढून ठेवलीय, शेजारी लाल कापड. सागरगोटे पण मी तिथंच ठेवतो. तू ये आणि बांध. आत काय बांधतेस ते मी बघणार नाय, तोंड फिरवून उभा राहीन...

फक्त या वेळी रेवड्या येताना घेऊन ये. मला एक तरी... हॅलो?

हॅलो?... कुसे?

ठेवला वाटतं. मिस्त्री! अहो मिस्त्री, चहा पुरे आता. माल कालवायला घ्या. बहीण निघाली.