जाळी कुणी काढली

मी मूळची जालन्याकडची, परतूरच्या अलीकडं आमचं गाव हाय. बाप शाळेत शिपाई व्हता म्हनून चौथीपस्तोर शिकले, नाव लिहिता यायचं, पाटी वाचता यायची, तेवढ्याचा बी घरात लई मान व्हता मला. लग्न झालं तवा पोरींचे पप्पा आधीच तुर्भ्याला ट्रकवर माल चढवायला-उतरवायला व्हते, मंग मी बी आले हिकडं, डोंगराच्या अंगाला झोपडी, खाली बगावं तिकडं कारखान्यांचे पत्रे. पहिल्या वर्षी मला वाटायचं आपन चार दिवस ऱ्हाऊ आन् जाऊ माघारी. कुठलं माघारी, काय सांगू तुम्हाला, दोन पोरी हितंच झाल्या, म्हातारी सासू वारली ती बी हितंच.

धाकटीचं अंगावरचं दूध सुटलं आन् मी कामाला लागले महाप्याला. लहान कारखाना, पंख्याच्या पत्र्याच्या वाट्या बनवायचे, ती वाटी वर छताला लावत्यात बगा, तीच. पावर प्रेस म्हनत्यात त्या मशीनला. पत्रा हातानं आत सरकवायचा, पायडल दाबायचं, वरून डाय, म्हंजी लोखंडी साचा, येतो धाडकन, वाटी तयार. हात काढायचा आन् पायडल दाबायचं, हात काढायचा आन् पायडल दाबायचं, आठ तास तेच, घरी येऊन झोपले तरी पाय हालायचा माझा. म्होरं एक लोखंडी जाळी असायची, हात आत असला तर ती खाली यायची न्हाई आन् मशीन चालायचीच न्हाई. मला ती जाळी लई आवडायची, खरं सांगते, कारन तिच्यामुळं मी कामात गप्पा मारू शकायची. शेजारच्या मशीनवर सुमन व्हती, नांदेडची, तिच्यासंगं सगळ्या जगाच्या गप्पा.

मंग दिवाळीच्या आधी मोठी आर्डर आली. शेठ स्वतः खाली आला, म्हनाला ह्या जाळीपायी प्रत्येक वाटीमागं टाइम जातो, काढा. कारखान्यात फिटर व्हते इब्राहीमभाई, म्हसळ्याकडचे कोकनी मुसलमान, वयस्कर मानूस, बायकांना बाय म्हनून बोलायचे, कधी चढा आवाज न्हाई. ते पाना घिऊन आले, चार बोल्ट खोलले, जाळी भिंतीला टेकवून ठिवली. मला म्हनाले, बाय, संबालून. बास, तेवढंच. आमी चौघीजनी मशीनवर, चौघींच्या बी जाळ्या काढल्या, कुनी काय बोललं न्हाई. मी बी न्हाई बोलले. आता म्हनते बोलायला पायजे व्हतं, पन तवा वाटलं दुसऱ्या चौघी येतील उद्या.

आठ-धा दिवस गेले आसतील. दुपारची वेळ, डबा खाऊन बसले व्हते नुकतीच. पत्रा आडकला, मी उजव्या हातानं सरळ करायला गेले आन् पाय, तो माझा पाय, त्यानं आपल्या सवयीनं पायडल दाबलं. दुखलं का म्हनून विचारत्यात लोकं. न्हाई दुखलं तवा. मला वाटलं वाटी वाकडी झाली. मंग सुमन वरडली. मधली तीन बोटं आन् थोडा तळवा गेला, अंगठा आन् करंगळी ऱ्हायली, ही बगा.

शेठच्या गाडीतून नेलं मला, मी म्हनते किती चांगला मानूस, आपल्या गाडीतून नेतो, सीट खराब झाली तरी कायी बोलला न्हाई. सरकारी दवाखाना वाटेत व्हता, तिथं न्हाई थांबला, लांब एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी त्याचा मॅनेजर आला, म्हनाला ताई, खर्च सगळा शेठ करनार, फक्त हितं अंगठा करा, दवाखान्याचा कागद हाय. मी म्हनलं मला सही येती. मंग माझ्या लक्षात आलं, सही करनारा हात कुठं हाय. डाव्या हाताचा अंगठा लावला. वाचला न्हाई मी कागद. चौथी शिकलेली बाई मी, आन् वाचला न्हाई, ह्याचा राग मला अजून बी येतो, शेठच्या रागापरीस जास्ती येतो.

बरं झाल्यावर कारखान्यात गेले तर वॉचमन आत सोडंना. म्हनाला, तुमचं नाव न्हाई मस्टरवर. आवो, मी दोन वर्सं काम केलं हितं. न्हाई म्हने नाव. पोरींचे पप्पा म्हनाले सोड, देवानं जीव वाचवला. ते देवाला मानत न्हाईत एरवी.

आमच्या वस्तीत बुद्धविहारात रविवारी एक वकीलबाई यायच्या, बायकांची कागदं लिहून द्यायच्या. जयभीम केला आन् हात म्होरं केला. त्यांनी हाताकडं फार न्हाई बगितलं, मला तेच बरं वाटलं. विचारलं किती दिवस झाले. म्हनाल्या दोन वर्साच्या आत अर्ज करावा लागतो, तुमचा टाइम हाय अजून. मंग समजावलं मला, सावकाश, शाळेतल्यावानी. ताई, ह्या कायद्यात शेठची चूक का तुमची चूक हे बहुतेक बगतच न्हाईत. तुमी तिथल्या कामगार होता का, कामावर असताना, कामामुळं लागलं का, आन् तुमची कमवायची ताकद किती गेली, एवढंच. मी म्हनलं, मंग सोपं हाय की. त्या म्हनाल्या, सोपं हाय, पन एक दार शेठला उघडं हाय. कामगारानं जानूनबुजून मशीनची जाळी काढली असंल, तर हात गेला तरी शेठ सुटू शकतो.

मी हासले बगा. म्हनलं जाळी तर त्यानंच काढाय लावली.

अर्ज केला, ठान्याला कोर्टात तारीख पडली, शेठच्या वकिलानं दोन कागद काढले. एक दवाखान्याचा, त्यात लिहिलं व्हतं बाई घरी पडली. दुसरा तो अंगठ्याचा, त्यात लिहिलं व्हतं मी सवताच्या हातानं जाळी काढली, शेठनं मना केलं तरी काढली. वकीलबाईंनी लगीच म्हनलं, साहेब, घरी पडली तर जाळी कुठली? हिनं घरात बसवली व्हती का पावर प्रेस? जजसाहेब थोडं हासले, पन म्हनाले, साक्षीदार आना.

सुमनकडं गेले. ती दारातच रडली. म्हनाली, माझा नवरा आजारी हाय, माझ्या एकटीच्या कामावर घर हाय, तू मला साक्ष मागू नको. न्हाई मागितलं मी. तिच्यावर मी रागावले न्हाई कधी, तुमी लिहा हे, कारन लोकं तिला नावं ठिवत्यात.

दीड वर्स असंच गेलं. बस पकडायची, ठान्याला जायचं, शेठचा वकील न्हाई, मंग साहेब न्हाई, पुढची तारीख. एका तारखेला वकीलबाई म्हनाल्या, फिटरला विचारलं का? मला त्या मानसाचं तोंड बगायचं नव्हतं. त्याचेच हात व्हते ना बोल्ट खोलनारे. तरी गेले तळवलीला, तिथं भाड्यानं ऱ्हायचे ते. त्यांनी मला आत बसवलं, बायकोला म्हनाले पानी आन. मी सांगितलं सगळं. ते मंग म्हनाले, बाय, मी अजून त्याच्याकडंच कामाला हाय. मी म्हनलं मला म्हाईत हाय. ते म्हनाले, तारीख सांग.

आले ते. पांढरा शर्ट, इस्तरीचा. साहेबांसमोर सरळ म्हनाले, ही बाई तीन नंबर मशीनवर दोन वर्सं व्हती, जाळी मी काढली, शेठनं सांगितलं म्हनून काढली. शेठचा वकील उठला, म्हनाला, तुमाला म्हाईत नव्हतं का हे धोक्याचं हाय? म्हाईत व्हतं. मंग तरी काढली? काढली. का? इब्राहीमभाई म्हनाले, साहेब, माज्या नोकरीसाटी. तेवढं बोलून त्यांनी शेठकडं बगितलं, शेठ तिथंच बसला व्हता, त्यानं मान फिरवली.

भाईर आलो, मी चहा घेतले दोन. मला म्हनायचं व्हतं तुमचे लई उपकार, पन मनातून राग बी गेला नव्हता. तेच म्हनाले, बाय, तवा बोलाय पायजे व्हतं, आता बोललो, ह्यात मोटं काय. दुसऱ्या दिवशी त्यांचं काम गेलं. पुढं गावाला गेले निघून. असतील तिथं सुखी असोत, मी रोज म्हनते.

निकाल माझ्या बाजूनं लागला. मंग शेठ वरच्या कोर्टात गेला, तिथं बी हारला. पैसे आले, किती ते विचारू नका, आल्यासारखे आले आन् गेल्यासारखे गेले. जिंकल्यावर आनंद झाला का म्हनाल, तर त्या दिवशी मी घरी येऊन झोपले फक्त. लई झोपले.

आता मी बालवाडीत मदतनीस हाय. वस्तीत कुनाला लागलं की माझ्याकडं पाठवत्यात. मी तेच तेच सांगते, आधी सरकारी दवाखान्यात जा, कुठल्या मशीनवर, कसं लागलं ते केसपेपरावर लिहून घ्या, वाचल्याबिगर अंगठा करू नका, बगितलेल्या मानसाचं नाव लक्षात ठिवा. आयकत्यात. मान हालवत्यात. मंग शेठ गाडी घिऊन येतो आन् अंगठा करून येत्यात. मी काय बोलू? मी बी केला.

डाक्टरनं माझ्या हाताचे टक्के काढले व्हते, पत्रा सरकवता येईल का, वजन उचलता येईल का, त्याचे टक्के. धाकटीची येनी घालता येईल का, हे कुनी न्हाई विचारलं, कायद्यात तो रकानाच न्हाई म्हने. तिची येनी इतकी वर्सं शेजारनीनं घातली. आता ती नववीला गेली, आरशासमोर उभी ऱ्हाऊन आपली आपन घालती. मी बाजूला उभी ऱ्हाते, डाव्या हातात रिबीन धरून. ती मागते तवा देते.