दोन हिसके म्हणजे सोड

मी वरळी कोळीवाड्यातली. बापूस होडीवर, आयस टोपली घेऊन डिलाईल रोडला चाळीचाळीतनं फिरायची, आणि मी लग्नानंतर नेटच्या वायरीत पडली, असं बोलली की लोक हसतात, कोळीण आणि इंटरनेट बोलतात, पण काय सांगू ताई तुम्हाला, ओढायचं कामच आमचं, जाळं काय नि वायर काय. आमचे हे घराघरांत वायर टाकायचे, भिंतीतल्या पाइपातनं. ते एकट्याचं काम नाय. एकानं बाहेर डब्यातनं वायर सोडायची, दुसऱ्यानं आतल्या खोलीत बसून ओढायची. मध्ये भिंत, हाक पोचत नाय, मग आमचं ठरलेलं, एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. हे आत, मी बाहेर. वर्षानुवर्षं आम्ही असेच बोललो, घरी तेवढं बोललो नसू.

आणि ह्यांचा हट्ट एकच. डब्यावर काय छापलंय ते वाचायचं नाय, वायर सोलून ब्लेडनं खरवडायची. आतपर्यंत लाल निघाली तर तांबं, आतनं पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम, वरनं नुसता तांब्याचा मुलामा. गिऱ्हाईक बोललं स्वस्तातली चालेल, की हे पिशवी उचलून निघाले. भिंतीत गेलेली वायर परत कोण बघतो, बोलायचे. मला राग यायचा, हातातलं काम जायचं ना.

हे गेले हार्टनं, झोपेतच. तीन वर्षं झाली. महिनाभर बसली, मग पिशवी मी उचलली. एकटीनं करायचं म्हणजे बाहेर थोडी सोडायची, आत धावायचं, ओढायचं, परत बाहेर. खांदा पार कामातनं गेला माझा.

तर गिरगावात वाडीमध्ये ॲग्नेस आंटींकडे काम निघालं. अंकल अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली, हात हलत नाय. मुलगा परदेशात, त्याला डॅडी दिसायला हवे म्हणून अंकलच्या खोलीत कॅमेरा लावायचा. वायर मुलानंच ऑनलाइन मागवलेली, डब्यावर ठळक कॉपर लिहिलेलं. आणि मी, काय बुद्धी झाली, खरवडलीच नाय. भरदुपार होती, खांदा ठणकत होता, बोलली चल उरकून टाकू.

अंकलच्या खोलीतनं पाइपात वायर ओढायची लांब स्प्रिंग सारली, बाहेर हॉलमध्ये तिला वायर बांधली, आता आत जाऊन ओढायची म्हणून उठते, तर हातातल्या स्प्रिंगला हिसका. एक. मला वाटलं आंटी आहेत आत, बोलली आंटी, हात नका लावू. तर पाठीमागनं आंटी बोलतात, कशाला हात लावते मी, चाय आणली तुला. त्या माझ्या मागे उभ्या, कप घेऊन.

आत गेली. अंकल आणि पलंग, तिसरं कोण नाय, स्प्रिंगचं टोक जमिनीवर सैल पडलेलं. बाहेर येऊन हात लावला तर परत ताणलेली, परत एक हिसका. थांब. मी ओढून बघितली, तर कोणी दोन्ही हातांनी धरून ठेवावी तशी. मग डोक्यात प्रकाश पडला, ब्लेड काढलं, खरवडली. पांढरीफटक.

आंटींना सांगितलं, ही नाय चालणार, ह्याच वायरीतनं कॅमेऱ्याला करंटपण जातो, भिंतीत गरम होईल, तुटेल, आणि मग मुलाला डॅडी दिसायचे बंद. लॅमिंग्टन रोडला गेली, नेटची कॅट सिक्स वायर घेतली, प्युअर कॉपर, दुकानातच खरवडून. आली, बांधली. दोन हिसके. आणि वायर चालायला लागली, माझ्या हातातनं सरसर, मी ढकलत नव्हती, नुसती सोडत होती. सोडता सोडता रडत होती. आत जाऊन बघते तर दीड हात वायर बाहेर काढून ठेवलेली, आणि अंकल माझ्याकडे बघतच नव्हते. भिंतीपाशी खाली बघत होते, माणूस उकिडवा बसला की त्याचं तोंड येतं ना, तेवढ्या उंचीवर.

तेव्हापासून मी आत धावत नाय. बाहेर बसते, सोडते. भीती वाटते का विचारता, तर वाटते, का नाय वाटणार. हेच आहेत कशावरून? गेल्या महिन्यात परळला एका टॉवरमध्ये तीन हिसके आले. तीनचं आमचं काय ठरलंच नव्हतं. मी बराच वेळ वायर धरून बसली. शेवटी मीपण तीन दिले. कशाचे ते मलाच ठाऊक नाय.

पोरगी ऑफिसात आहे, खांदा बघून रडते, बोलते आई, रविवारी मी येते, आतल्या बाजूला मी बसते. मी ओरडली तिच्यावर, दोन दिवस बोलली नाय ती माझ्याशी. तिला कसं सांगू, तू तिथं बसलीस तर तुझ्या बापानं कुठं बसायचं. आणि तो बाप नसलाच, तर तुला मी तिथं कशी बसवू.

देव तुमचं भलं करो, एवढं ऐकून घेतलंत. तुमच्याकडे कधी काम असलं तर बोलवा, चांगली वायर टाकून देईन. फक्त मी बाहेर बसली की आतल्या खोलीत कोणी थांबायचं नाय. दार लोटून घ्यायचं, आणि भिंतीपाशी जरा जागा मोकळी ठेवायची.