वाजणारा खुबा

चुकलेल्या उपचारांची नुकसानभरपाई देणाऱ्या कचेरीत सासू-सून बाकावर बसल्या होत्या. मागे एक शिंपी आपल्या नंबराची वाट बघत होता. औषधाच्या चुकीच्या गोळ्यांनी त्याचे हात थरथरत, पण कान शाबूत होते.

"साहेबांनी विचारलं की सांग, सासूबाईंना बसवलेला खुबा चालताना वाजतो."

"वाजतो की. पण दुखतो का?"

"रात्रंदिवस. सरकार नवा बसवून देणार म्हणतंय."

"नवा वाजणार नाही?"

"मुळीच नाही. तोंड का उतरलं गं तुझं?"

"कुठे काय, आई. सवय झालीय. आवाजाने घर भरल्यासारखं वाटतं."

"आणि मी येतेय हे कळतं."

"तेही कळतं."

"मग फोनवर माहेरी माझी गाऱ्हाणी सांगता सांगता तू एकदम हवापाण्यावर येतेस."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अगं, चाललं तरच वाजतो तो. दाराआड उभं राहिलं की गप्प असतो."

शिंप्याने खोकल्यात हसू दडवलं. तेवढ्यात आतून पुकारा झाला.

"सांगशील ना साहेबांना?"

"सांगते ना. आणि नवा बसवाल तो उभं राहिल्यावरही वाजणारा बसवा म्हणते."