‘तो ठीक आहे,’ असं मी सांगितलं

छे हो, माझ्या हातात कसली जादू, यंत्रच करतं सगळं — पण तुमची मुलगी बर्फावरच्या हॉकीत गोलात उभी राहते हे आधी सांगायचं ना! मी आपला सुरीसारखी धार लावून मोकळा झालो असतो, आणि ती बाजूला सरकायला गेली की पातं बर्फात रुतलं असतं. गोलकीपरच्या स्केटला धार बेताचीच लागते. बसा, त्या खोक्यावर बसा. कॉफी घेता ना? — विचारत नाहीये, ओततोच आहे. तुम्ही इथले दिसता, न बोलणारे. आमची आई सरहद्दीपलीकडची, कारेलियाची — आमच्या घरी कुणी दहा मिनिटं गप्प बसलं की ती कपाळाला हात लावून ताप बघायची.

कोण, तो फोटोतला? आउलिसच तो. माझा धाकटा भाऊ. म्हणजे ओळखलंत की! अजून ओळखतात लोक, बरं वाटतं. त्याला गोलात कुणी उभं केलं माहितीये? मी. दुसरं कोण करणार — सायमा तळं गोठलं की आम्ही सगळी पोरं बर्फावर, प्रत्येकाला गोल मारायचे, अडवायला कुणी नको. हा सहा वर्षांनी लहान. मी म्हटलं, “आउलिस, तू तिथे उभा राहा, त्या दोन बुटांच्या मधे, आणि हलू नकोस.” तर हा हललाच नाही! रबराची चकती येतेय, पोटात बसतेय, हनुवटीवर बसतेय — रडतोय आणि उभा आहे. घरी आई म्हणाली, “राउनो, हे काय केलंस पोराचं?” तर हाच पुढे होऊन सांगतो, “पडलो मी.” असा होता तो. माझं नाव कधी घेतलं नाही त्याने.

तेरा वर्षं खेळला, पगारी खेळाडू म्हणून. दोन वर्षं स्वीडनमधे. अमेरिकेतूनसुद्धा बोलावणं आलं — दोन सामने खेळला आणि परत आला, म्हणे तिथे आपल्यासारखा राय धान्याचा काळा पाव मिळत नाही! खरं कारण मला माहीत होतं, त्याला एकटं राहणं जमत नसे. मी? मी कसला खेळाडू. पाय जड. पोरांच्या संघातूनच गाळलं मला. मग मी आपला आउलिसच्या संघाचं सामान बघायला लागलो — पॅड वाळवायचे, पट्टे शिवायचे, पाती घासायची. अकरा वर्षं त्याच्या पॅडचे पट्टे मी आवळले. डावा आधी, मग उजवा. तो डोळे मिटून बसायचा, एक शब्द नाही. कारेलियाचा असून! सामन्याआधी तेवढा वेळच काय तो गप्प.

झाले हो स्केट, केव्हाचे झाले, हे घ्या. पण कॉफी तर संपवा.

त्र्याण्णव साल. तुम्हाला आठवतो तो निर्णायक सामना? सगळ्यांना आठवतो. दोन-एक. गावाला पहिल्यांदा करंडक मिळाला, लोक चौकातल्या कारंज्यात उड्या मारत होते, मार्चच्या थंडीत. पण त्याआधी दोन दिवस काय झालं ते नाही कुणाला आठवत. आधीच्या सामन्यात चकती त्याच्या कपाळावर बसली. मुखवटा होता, पण तेव्हाचे मुखवटे म्हणजे काय — भांडं डोक्यावर घालून त्यावर हातोडा मारला तर कसं होईल? आडवा झाला. उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि निर्णायक सामन्याच्या दिवशी मी खोलीत गेलो तर हा बसलाय, डावा पॅड उजव्या पायाला बांधून. मी असताना त्याने स्वतः कधी पट्ट्याला हात लावला नव्हता. मी म्हटलं, “अरे, हे काय?” तर हसला. लहानपणी हसायचा तसा. म्हणाला, “राउनो, आई आलीय का बघायला?”

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी काय म्हणालो असेन? — मी म्हटलं, “येतेय. वाटेत आहे.” खाली बसलो, पट्टे सोडले, डावा डाव्याला बांधला, उजवा उजव्याला. बाहेर आलो तर बोळात संघाचे डॉक्टर. भला माणूस. म्हणाले, “राउनो, तू त्याला रोज बघतोस. मला तो जरा वेगळा वाटतोय. कसा आहे? तू नाही म्हणालास तर मी त्याला बसवतो.” असं. माझ्यावर सोपवलं. आणि मी म्हटलं, “ठीक आहे तो. झोप झाली नाही, एवढंच.”

लोकांना मी सांगतो की संघासाठी. दुसरा गोलकीपर कच्चा होता, गाव वाट बघत होतं — खरंच आहे ते. पण... तो करंडक मला हवा होता हो. आउलिसला नव्हता एवढा. ज्याला पोरांच्या संघातून काढून टाकलं, त्या राउनोला हवा होता. हे मी त्याच्या बायकोलासुद्धा नाही सांगितलेलं, मार्केत्ताला. तुम्हाला कशाला सांगतोय कोण जाणे.

त्या सामन्यात त्याला चकती आणखी दोनदा लागली. दोन्ही त्याने अडवल्या — डोक्यानेच.

पुढच्या हिवाळ्यात एका सामन्यात, मधल्या सुट्टीनंतर, तो जाऊन समोरच्यांच्या गोलात उभा राहिला. जाळीच्या खांबांना काठी लावून बघितली, नेहमीसारखी, आणि वाकून तयार झाला. सगळं मैदान हसलं. त्याला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. त्याने हात वर केला. मी बर्फावर धावत गेलो, बूट घालूनच, दोनदा पडलो, आणि त्याचा कोपर धरून त्याला घेऊन आलो. संपलं तिथे. मग लाकडाच्या वखारीत लागला, तिथे मापं चुकायला लागली. मग घरचा रस्ता चुकायला लागला. मार्केत्ताने वीस वर्षं केलं त्याचं, तोंडातून ब्र काढला नाही. आता तळ्यापलीकडे त्या वृद्धाश्रमात असतो. एकसष्ट वर्षांचा, आणि आजूबाजूला सगळी नव्वदीची मंडळी.

मी दर गुरुवारी जातो, त्यांच्याकडे वाटाण्याचं सूप असतं त्या दिवशी. मला ओळखत नाही. दाढी करायला येणारा कुणीतरी समजतो, मग मी दाढी करून देतो. गेल्या गुरुवारी साबण लावत होतो, तर त्याने एकदम डोळे घट्ट मिटले. मी विचारलं, “आउलिस, डोकं दुखतंय?” इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं — त्र्याण्णवपासून. धीरच नाही झाला. त्याने आधी दाराकडे बघितलं. मग माझी बाही धरून खाली ओढलं, आणि अगदी हळू म्हणाला, “दुखतं. खूप दुखतं. पण माझ्या भावाला सांगू नका. त्याला कळलं तर तो मला खेळू देणार नाही.”

...

नाही. काही बोलू नका. कृपा करा. कप राहू दे तिथेच, मी उचलतो — निघा तुम्ही आता.