दुसरी लाथ

ताई : पुन्हा. डोळे मिट. आणि या वेळी एकदम सायकलवर उडी मारायची नाही. आधी पाणी.

छोटू : मिटले.

ताई : रविवारची सकाळ. शर्यत. तलावाच्या काठावर उभा आहेस. काय दिसतंय?

छोटू : माणसं. रंगीत टोप्याच टोप्या. भोंगा वाजला. उतरलो. पाणी गार आहे. पाण्यातल्या खुणेचा पहिला पिवळा फुगा आला, त्याला वळसा घातला. मग सायकल घेतली आणि—

ताई : थांब, थांब! पावणेचार किलोमीटर पोहायचंय, अजून पाच फुगे बाकी आहेत. सोमवारपासून तिसऱ्यांदा तू तिथूनच बाहेर पळतोयस.

छोटू : नुसती कल्पनाच तर करायचीय ना? पोहणं जमतं गं मला.

ताई : जमतं म्हणूनच विचारतेय. सायकलचे एकशे ऐंशी किलोमीटर मनातल्या मनात चढ-उतारासकट करतोस. धावताना तर पायाला फोड आला म्हणून सांगतोस! आणि पोहायचं म्हटलं की टाळाटाळ. छोट्या, शेवटच्या आठवड्यात शरीराला नवीन काही शिकवता येत नाही. आता डोकं तयार करायचं. दुसऱ्या फुग्यापाशी काय आहे?

छोटू : काही नाही.

ताई : मान बघ तुझी, दगड झालीय. पंचवीस वर्षं लोकांचे गुडघे आणि खांदे दाबतेय मी. जिथे खरं दुखतं तिथे माणूस हात लावू देत नाही.

छोटू : मागच्या वर्षी तिथे मास्तर बुडत होते. तुला माहीतच आहे.

ताई : आहेच की. आणि तू बोटवाल्यांना हाक मारलीस म्हणून वाचले. याच पलंगावर पडून दर आठवड्याला सांगतात मला. खांदा शेकताना दुसरा विषय नसतो त्यांना. "तुमचा भाऊ नसता तर..."

छोटू : मी हाक मारली नाही.

ताई : म्हणजे?

छोटू : बोटवाल्यांचं आपणहून लक्ष गेलं. शर्यत संपल्यावर मी डॉक्टरांच्या तंबूत गेलो, तर मास्तरांनी माझा हातच धरला. "तूच सांगितलंस ना त्यांना?" मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. एवढंच.

ताई : एवढंच?

छोटू : ताई, डोळे उघडू का?

ताई : मिटलेलेच राहू देत. सोपं जाईल.

छोटू : दुसऱ्या फुग्यापाशी कुणीतरी माझा घोटा धरला. गर्दीत हात लागतातच, पण हा घट्ट होता. मी पाय झाडला. हात सुटला आणि परत धरला. मी वळून बघितलं. मास्तर. डोळ्यांवरचा चष्मा निघालेला, तोंड उघडं. ओळखलं मी त्यांना. या नादाला त्यांना मीच लावलं होतं, शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांना, पन्नाशीत. आणि मला काय सुचावं? माझी लय गेली. वर्षाची मेहनत पाण्यात. लाथ मारली. जोरात. आणि गेलो पुढे.

ताई : कुठे बसली?

छोटू : खांद्यावर. उजव्या.

ताई : इतके महिने मी तो खांदा चोळतेय, छोट्या.

छोटू : तो चोळताना बघवत नाही. म्हणूनच त्यांच्या वेळेला मी इकडे फिरकत नाही.

ताई : लिफ्ट दुरुस्तीला जातोस, तेव्हा आत माणूस अडकलेला असला की बाहेरून तू त्याला पहिलं काय सांगतोस?

छोटू : नको ना, ताई.

ताई : काय सांगतोस?

छोटू : "घाबरू नका, मी आलोय."

ताई : ऊठ. चपला घाल.

छोटू : रविवारनंतर सांगतो. आत्ता सांगितलं तर माझं डोकं पार—

ताई : खड्ड्यात जाऊ दे तुझं डोकं! रविवारी ते पाण्याच्या बाटल्या घेऊन उन्हात उभे राहणार आहेत, तुझ्यासाठी. त्यांच्या हातचं पाणी उतरेल तुझ्या घशाखाली?

छोटू : त्यांनी हाकललं तर?

ताई : तर गुपचूप जिना उतरायचा. पाय आहेत ना धडधाकट?

(त्याच संध्याकाळी. मास्तरांचं घर.)

मास्तर : अरे, छोटू! या आठवड्यात विश्रांती घ्यायची सोडून तीन जिने चढून आलास? ये, ये. जरा कागद सांभाळून. मुलांची चित्रं वाळताहेत.

छोटू : बसत नाही, मास्तर. एक सांगायचं होतं.

मास्तर : आधी माझं ऐक. मी धावण्याच्या छत्तिसाव्या किलोमीटरला उभा राहतो. तिथे माणूस खचतो म्हणतात. आणि माझं एक काम कर. आयोजकांना मी दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. तू तिथे आहेसच, तर विचारून बघ.

छोटू : काय विचारू?

मास्तर : त्या दिवशी बुडताना मी कुणाचा तरी पाय धरला होता. हे घरातही बोललो नाही मी. लाज वाटते रे. ना ओळख ना पाळख, आणि त्या माणसाला मी खाली ओढत होतो! त्याने झटकलं म्हणून तो वाचला. नाकातोंडात पाणी गेलं असेल त्याच्या, शर्यत हुकली असेल. वर्गात पोरांना सांगतो, शेजारच्याच्या कागदावर रंग सांडू नका, आणि मी हे असं. त्याचा पत्ता मिळाला तर माफी मागेन म्हणतो. त्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायची हिंमत होत नाही.

छोटू : मास्तर, तो मी होतो.

मास्तर : कोण?

छोटू : तुम्ही धरलात तो पाय माझा.

मास्तर : तुझा? अरे देवा! लागलं होतं का तुला? आणि तरी तू थांबलास, बोटीला हाक मारलीस—

छोटू : नाही मारली. तुम्हाला तसं वाटलं, आणि मी वाटू दिलं. मी तुम्हाला लाथ मारली.

मास्तर : पाण्यात होतं असं. कुणीही पाय झटकेल.

छोटू : ती पहिली. ती नकळत. दुसरी बघून मारली.

मास्तर : बघून.

छोटू : तुमच्या तोंडाकडे बघून.

मास्तर : मला एकच आठवते.

छोटू : दोन होत्या.

मास्तर : ती खिडकी उघड जरा. नको, राहू दे. कागद उडतील.

छोटू : मास्तर, काहीतरी बोला. शिव्या द्या.

मास्तर : वर्षभर ज्याच्यापुढे मनातल्या मनात हात जोडत होतो, तो दर दोन दिवसांनी इथे बसून चहा पीत होता.

छोटू : हो.

मास्तर : कपसुद्धा विसळून ठेवायचास.

छोटू : मी रविवारी उतरत नाही.

मास्तर : ते मला कशाला ऐकवतोस? तुझी शिक्षा तूच ठरवणार आणि मी "बरं" म्हणायचं? उतर, नाहीतर घरी बस. माझ्या नावावर खपवू नकोस.

छोटू : मग काय करू मी?

मास्तर : आज जा.

छोटू : जातो. माफी मागायलाही तोंड नाही मला.

मास्तर : माग तरी. वर्षभर मी तेच घोकत होतो. किती जड जातं ते ठाऊक आहे मला.

छोटू : माफ करा, मास्तर.

मास्तर : ऐकलं. रविवारी मी येणार नाही.

छोटू : बरोबर आहे.

मास्तर : सोमवारी सकाळी पोहायला जाईन म्हणतोय. उथळ बाजूला.

छोटू : एकटे नका उतरू. मी येऊ?

मास्तर : शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी पाय उचलतील का तुझे?

छोटू : येईन. नुसता काठावर उभा राहीन.

मास्तर : लांब उभा राहा. मला दिसशील, एवढ्या लांब.